अंडी मॅच्युअर नाहीत म्हणजे नक्की काय? अंडपेशीच्या आत काय चालतं ते सांगते

प्रश्न असा आहे की आयव्हीएफमध्ये १२ अंडी निघाली पण मॅच्युअर ८च होती असं सांगण्यात आलं, मग उरलेली ४ छोटी होती का, मॅच्युअर म्हणजे नक्की काय, आणि वय वाढलं की अंड्यांची क्वालिटी जाते म्हणतात ती जाते म्हणजे आत काय बिघडतं. आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. मी पेशींवर काम करणारी, वीसेक वर्षं उंदराच्या अंडपेशी मायक्रोस्कोपखाली बघतेय, त्यामुळे ट्रीटमेंटचं काय ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. पण अंडपेशीच्या आत काय चालतं ते सांगू शकते, आणि विषय माझ्या आवडीचा असल्याने लांबण लागणार हेही धरून चाला.

छोटी-मोठीचा काही संबंध नाही. ती १२ अंडी आकाराने जवळपास सारखीच असणार, माणसाची अंडपेशी साधारण मिलिमीटरचा दहावा भाग असते, म्हणजे नजर चांगली असेल तर नुसत्या डोळ्यांनी ठिपका दिसावा एवढी. मॅच्युअर या शब्दाने घोळ होतो, फळ पिकल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात ते अर्धवट टाकलेलं काम पुन्हा हातात घेणं आहे. काम म्हणजे मायोसिस, शाळेच्या पुस्तकातलं अर्धसूत्री विभाजन, ४६ गुणसूत्रांची २३ करायची. आणि हे काम सुरू झालेलं असतं कधी, तर ती बाई स्वतः तिच्या आईच्या पोटात असताना. गर्भ पाचेक महिन्यांचा असतो तेव्हा मुलीच्या अंडाशयात ६० ते ७० लाख अंडपेशी असतात, जन्मापर्यंत त्यातल्या १०-२० लाख उरतात, वयात येईपर्यंत ३-४ लाख, आणि अख्ख्या आयुष्यात बाहेर पडतात त्या जेमतेम ४००-५००. बाकीच्या वाटेतच संपतात. का संपतात हा वेगळा विषय आहे, तिकडे गेले तर हे उत्तर संपायचं नाही.

तर जन्माच्या आधीच गुणसूत्रांच्या जोड्या जुळतात, आईकडून आलेलं आणि वडिलांकडून आलेलं एकमेकांना चिकटतात, आपसात तुकड्यांची अदलाबदल करतात, आणि मग सगळं थांबतं. कुणाचं १३ वर्षं थांबतं, कुणाचं ४५. शरीरातली दुसरी कुठलीही पेशी विभाजन अर्ध्यात सोडून इतका काळ बसून राहत नाही. या थांबलेल्या अवस्थेत केंद्रक मोठं फुगलेलं, गोल, स्वच्छ दिसतं, त्याला आम्ही लॅबमध्ये जीव्ही म्हणतो. तुमच्या चारमधली काही जीव्हीला अडकलेली असतील, काही पुढे निघून मधेच पहिल्या विभाजनाच्या टप्प्यावर असतील. मॅच्युअर म्हणजे पहिलं विभाजन पूर्ण झालं, निम्मी गुणसूत्रं एका छोट्याशा पेशीत घालून बाहेर टाकली, आणि अंडपेशी दुसऱ्या विभाजनाच्या मध्यावर येऊन पुन्हा थांबली. ती बाहेर टाकलेली छोटी पेशी म्हणजे पोलार बॉडी. एम्ब्रियोलॉजिस्ट मायक्रोस्कोपमधून तीच शोधत असतात, दिसली की मॅच्युअर, नाही दिसली की नाही. एवढीच परीक्षा आहे, याहून खोल काही त्या क्षणी कुणी तपासत नसतं.

आता ही पेशी थांबते कशी ते बघू, कारण आमच्या क्षेत्राची सुरुवातच तिथून आहे. १९३५ साली ग्रेगरी पिंकस आणि एन्झमन यांनी सशाच्या अंडपेशी फॉलिकलमधून (अंडाशयातली ती पिशवी, जिच्यात अंडपेशी वाढते) बाहेर काढून ठेवल्या तर त्या आपोआप पुढे जायला लागल्या, कुठलंही हॉर्मोन न घालता. (हाच पिंकस पुढे गर्भनिरोधक गोळीमुळे प्रसिद्ध झाला.) याचा अर्थ सरळ होता, अंडपेशीला पुढे ढकलावं लागत नाही, तिला कुणीतरी धरून ठेवलेलं असतं आणि धरणारं बाहेर असतं. पण धरून ठेवतं ते नक्की काय, हे रेणूंच्या पातळीवर कळायला पुढे बरीच दशकं गेली. भोवतालच्या पेशी बारीक बोगद्यांसारख्या जोडण्यांमधून सीजीएमपी नावाचा छोटा रेणू अंडपेशीत सोडत राहतात, तो आतल्या एका एन्झाइमला दाबून ठेवतो, त्या एन्झाइमचं काम असतं सीएएमपी नावाचा दुसरा छोटा रेणू तोडायचं, ते दबलेलं म्हणून सीएएमपी भरपूर, सीएएमपी भरपूर म्हणून विभाजन चालू करणारं सीडीके१ गप्प, आणि ते गप्प म्हणून जीव्ही शाबूत. महिन्याच्या मध्याला एलएच हॉर्मोन एकदम चढतं तेव्हा ही साखळी उलटी फिरते. गंमत म्हणजे एलएच अंडपेशीशी थेट बोलतच नाही, त्याचे रिसेप्टर फॉलिकलच्या बाहेरच्या थरातल्या पेशींवर असतात, त्या निरोप पुढे देतात, बोगदे बंद होतात, सीजीएमपी उतरतं आणि ब्रेक सुटतो. ब्रेक सुटल्यापासून मॅच्युअर होईपर्यंत माणसात साधारण दीड दिवस जातो. रॉबर्ट एडवर्ड्सने १९६५ साली माणसाच्या अंडपेशी डिशमध्ये ठेवून हा वेळ मोजला होता, आणि आज ट्रिगरचं (एलएचसारखा निरोप देऊन ब्रेक सोडवणारं) इंजेक्शन दिल्यावर ३४ ते ३६ तासांनी अंडी काढतात ते याच हिशोबाने. इंजेक्शनची वेळ मिनिटाच्या हिशोबाने पाळायला सांगतात ना, ते उगाच नाही.

हेच लॅबमध्ये कसं दिसतं ते सांगते. उंदराचं अंडाशय वाटाण्याहूनही लहान, ते कोमट मेडियमच्या (पेशी जगवणाऱ्या द्रवाच्या) डिशमध्ये ठेवून बारीक सुईने फॉलिकल टोचायची, की अंडपेशी बाहेर येतात, भोवती ओल्या वाळूसारख्या चिकटलेल्या पेशींचा पुंजका घेऊन. मग काचेची नळी ज्योतीवर धरून ओढायची, इतकी बारीक की तिचं तोंड अंडपेशीपेक्षा जरासंच रुंद राहील, आणि त्या नळीतून आत-बाहेर, आत-बाहेर करत तो पुंजका सोडवायचा. नळी जास्त बारीक झाली की अंडपेशी फुटते, जास्त रुंद झाली की पुंजका सुटत नाही, नवीन विद्यार्थ्याचे पहिले दोन महिने यातच जातात आणि मी कुणाला घाई करत नाही. मेडियममध्ये आम्ही मिलरिनोन घालून ठेवतो, मुळात हे हृदयाच्या पेशंटना देतात ते औषध, पण ते नेमकं त्याच सीएएमपी तोडणाऱ्या एन्झाइमला दाबतं, त्यामुळे सगळ्या अंडपेशी जीव्हीला थांबून राहतात. सगळी तयारी झाली की तीन-चार थेंबांमधून धुऊन काढायच्या आणि घड्याळ चालू करायचं. तास-दीड तासात आतला गोल बुडबुडा आणि त्यातलं ठळक टिंब दोन्ही पुसून गेल्यासारखी नाहीशी होतात. मी हे हजारो वेळा पाहिलंय आणि अजूनही ते बघायला थांबते. उंदरात मग आठ-दहा तासांनी पोलार बॉडी बाहेर पडते, त्यामुळे आमची नोकरी म्हणजे एकतर पहाटे यायचं नाहीतर रात्री थांबायचं.

ब्रेक सुटल्यावर गाडी चालवतं कोण, हे मासुई आणि मार्कर्ट यांनी १९७१ साली बेडकाच्या अंड्यांवर दाखवलं. तयार झालेल्या अंड्यातला थोडासा द्रव काढून कच्च्या अंड्यात टोचला, तर तेही तयार झालं, हॉर्मोन न देता. त्या द्रवात जे काही होतं त्याला एमपीएफ नाव पडलं. पुढे कळलं की ते सीडीके१ आणि सायक्लिन बी ही जोडी आहे, आणि फक्त अंड्यात नाही, तुमच्या त्वचेच्या पेशीपासून यीस्टपर्यंत सगळीकडे विभाजन तीच सुरू करते. सायक्लिनचा शोध १९८२ला टिम हंटला लागला तोही समुद्री अर्चिनच्या अंड्यांमध्येच. २००१चं नोबेल हंट, हार्टवेल आणि नर्स यांना मिळालं. मासुईंना १९९८ला लास्कर पुरस्कार मिळाला होता, नोबेलमध्ये मात्र नाव नाही, एका नोबेलमध्ये तिघांपेक्षा जास्त बसत नाहीत हे खरं पण आम्हा अंडपेशीवाल्यांना ते अजून खुपतं.

आता मुख्य भानगड, विभाजन चुकतं कुठे. गुणसूत्रं दोन बाजूंना ओढायला पेशी तंतूंचं एक यंत्र उभं करते, त्याला स्पिंडल म्हणतात. साध्या पेशीत त्याच्या दोन टोकांना सेंट्रोसोम असतात, तंबूच्या खुंटीसारखे, त्यामुळे दोन टोकं कुठली हे पहिल्यापासून ठरलेलं असतं. अंडपेशीत ते नसतातच. उंदराच्या अंडपेशीत ८० च्या आसपास छोटी छोटी केंद्रं एकत्र येत येत दोन टोकं बनवतात, हे मेलिना शूह आणि यान एलनबर्ग यांनी २००७ला जिवंत अंडपेशीत दाखवलं. मग सगळ्यांनी गृहीत धरलं की माणसातही असंच असणार. २०१५ला शूह यांच्या ग्रुपने माणसाच्या अंडपेशींची फिल्म घेतली तर तशी केंद्रं दिसेनात, तंतू गुणसूत्रांच्या भोवतीच उगवत होते, स्पिंडल उभं राहायला १६ तास लागत होते, आणि त्या वेळात ते कितीदा तरी डगमगत होतं, मधेच तीन टोकं, मधेच एकही धड नाही, मग परत दोन. पुढे २०२२ला कळलं की तंतूंची टोकं बांधून धरणारं एक मोटर प्रोटीन, केआयएफसी१, इतर सस्तन प्राण्यांच्या अंडपेशीत भरपूर असतं आणि माणसात फार कमी, आणि ते बाहेरून घातलं तर माणसाचं स्पिंडल स्थिर होतं. हे वाचलं तेव्हा पहिला विचार काय आला सांगू, की मी इतकी वर्षं उंदरावर जे बघितलं त्यातलं किती माणसाला लागू आहे. उंदीर सोपा पडतो म्हणून आम्ही उंदीर घेतो, आणि मग उंदराचं उत्तर माणसाचं समजून बसतो, हा आमचा जुना दोष आहे.

तापमानाचं पण एक सांगते. हे स्पिंडल थंडी अजिबात सहन करत नाही, काही मिनिटं खोलीच्या तापमानाला राहिलं तरी तंतू विरघळायला लागतात. सुरुवातीच्या काळात रात्रभराचं शूटिंग लावून मी घरी गेले आणि मायक्रोस्कोपचा हीटर मधेच बंद पडला, सकाळी फिल्म बघते तर पहिले पाच तास सुंदर, आणि मग स्पिंडल साखरेसारखं विरघळत गेलेलं, गुणसूत्रं पेशीत भरकटलेली. चाळीस अंडपेशी आणि तीन आठवड्यांची तयारी वाया. तेव्हापासून माझ्या लॅबचा नियम आहे की मायक्रोस्कोपवर जेवढ्या अंडपेशी तेवढ्याच इनक्युबेटरमध्ये न छेडता ठेवायच्या, आणि त्यातल्या ८० टक्क्यांपेक्षा कमी अंडपेशींनी पोलार बॉडी टाकली तर त्या दिवसाचा सगळा डेटा कचऱ्यात, फिल्म कितीही देखणी आलेली असली तरी. लेझरचा प्रकाशसुद्धा पेशीला मारतो, आणि मरणाऱ्या पेशीच्या चुका बघून लोकांनी सिद्धांत मांडलेत, नावं घेत नाही.

वयाकडे येते. डाउन सिंड्रोमचा संबंध आईच्या वयाशी आहे, वडिलांच्या नाही, हे पेनरोजने १९३३ला आकडेवारीतून दाखवलं, तेव्हा त्यात एक गुणसूत्र जास्त असतं हेही माहीत नव्हतं, ते १९५९ला कळलं. आज अंदाज असे देतात की २५व्या वर्षी सुमारे १२५० बाळांमागे एक, ४०व्या वर्षी १००मागे एक. आणि हे फक्त जन्मापर्यंत पोचलेल्या बाळांचं, बाकी गुणसूत्रांच्या चुका बहुतेक आधीच गर्भपातात संपतात. चाळिशीनंतर निम्म्याहून जास्त अंड्यांमध्ये गुणसूत्रांचा आकडा चुकलेला असतो.

का चुकतो, तर माझ्या मते सगळ्यात वजनदार कारण गोंद. गुणसूत्रं एकमेकांना धरून ठेवायला कोहेसिन नावाचं प्रोटीन असतं, कडीसारखं, दोन धाग्यांभोवती बसलेलं. मायोसिसमधल्या कडीचा एक भाग म्हणजे रेक८. या कड्या बसवल्या जातात जन्माच्या आधी, गुणसूत्रांची कॉपी होते तेव्हा. विभाजनाची वेळ आली की सेपरेज नावाचं एन्झाइम त्या कापतं, पहिल्या विभाजनात फक्त गुणसूत्राच्या लांब हातांवरच्या, मध्यभागच्या कड्यांवर शुगोशिन नावाचं प्रोटीन पहारा देत बसतं (जपानी लोकांनी ठेवलेलं नाव, अर्थ रक्षक असाच काहीसा), त्या दुसऱ्या विभाजनाला कापायच्या असतात. आता प्रश्न असा की चाळीस वर्षांत या कड्यांची डागडुजी होते का. उंदरात जुना रेक८ हवा तेव्हा कापता येईल अशी सोय केली आणि वाढणाऱ्या अंडपेशीला नवा रेक८ बनवायला लावला, नवा बनला पण गुणसूत्रं धरून ठेवायला त्याचा काही उपयोग झाला नाही. २०१०ला ताचिबाना-कोनवाल्स्की यांचं हे काम आलं, त्याच वर्षी दुसऱ्या दोन ग्रुपनी दाखवलं की म्हाताऱ्या उंदरांच्या अंडपेशीत गुणसूत्रांवरचा कोहेसिन खूपच कमी झालेला असतो. म्हणजे जन्माआधी जो गोंद लावला तोच शेवटपर्यंत पुरवायचा, आणि तो हळूहळू गळत राहतो. जपानमध्ये कोबेला किताजिमा यांच्या लॅबने म्हाताऱ्या उंदरांच्या अंडपेशीतलं एकेक गुणसूत्र तासन्‌तास पाठलाग करून शूट केलं तर दिसलं की जोड्या वेळेआधीच सुटतात आणि सुटी झालेली गुणसूत्रं मग कुठल्याही बाजूला ओढली जातात. तुम्ही विचारलंत ना क्वालिटी जाते कुठे, तर मोठा भाग इथे जातो.

आणि इथे एक राखणदार असायला हवा होता. साध्या पेशीत एक जरी गुणसूत्र नीट जोडलं गेलं नसेल तर पेशी विभाजन रोखून धरते. अंडपेशीत हा राखणदार आहे पण झोपाळू. पेशी एवढी अवाढव्य की एकदोन सुट्या गुणसूत्रांची ओरड त्या आकारात विरून जाते, असं एक स्पष्टीकरण आहे आणि मला ते पटतं. अंडपेशीला आकार सोडता येत नाही, कारण सुरुवातीच्या गर्भाचं सगळं सामान तिलाच पुरवायचंय, म्हणून तर ती विभाजनही असं तिरकं करते, स्पिंडल कडेला नेऊन एवढुशी पोलार बॉडी टाकते आणि सगळा द्रव स्वतःकडे ठेवते.

वय सोडून बाहेरच्या गोष्टीही लागतात. यातली सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट पॅट्रिशिया हंट यांच्या लॅबची, १९९८ची. त्यांच्या अगदी साध्या कंट्रोल (तुलनेसाठी ठेवलेल्या, काहीही न केलेल्या) उंदरांमध्ये अचानक बिघडलेल्या अंडपेशींचं प्रमाण १-२ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेलं. कुणीतरी उंदरांचे प्लास्टिकचे पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या चुकीच्या, तीव्र डिटर्जंटने धुतल्या होत्या, प्लास्टिक खराब होऊन त्यातून बिस्फेनॉल ए पाझरत होतं. नंतर मुद्दाम तेच केमिकल देऊन त्यांनी परिणाम तपासला आणि २००३ला छापलं. कंट्रोल बिघडले तर दहातले नऊ जण ती बॅच फेकून पुढे जातात, मीही कदाचित गेले असते.

दुसऱ्या थांब्याबद्दल थोडक्यात. मॅच्युअर अंडपेशी दुसऱ्या विभाजनात मधेच थांबते ती एमी२ नावाच्या प्रोटीनमुळे, शुक्राणू आत आला की त्याच्याबरोबर पीएलसी-झीटा येतं, ते अंडपेशीत कॅल्शियमच्या लाटा उठवतं, एमी२ नष्ट होतं आणि विभाजन पूर्ण होऊन दुसरी पोलार बॉडी पडते. म्हणजे जन्माआधी सुरू झालेलं मायोसिस संपतं कधी, तर शुक्राणू आल्यावर. आला नाही तर कधीच नाही.

गोळ्या-पावडरींबद्दल लोक विचारतातच म्हणून सांगते, गळलेला कोहेसिन परत बसवणारं औषध आज नाही. ज्या सप्लिमेंटच्या जाहिराती येतात त्यांच्यातलं कुठलंही हे काम करतं असा पुरावा मी पाहिलेला नाही.

आणि तुमची ती ४ अंडी. कधीकधी अशी अंडी डिशमध्ये आणखी एक दिवस ठेवतात आणि त्यातली काही दुसऱ्या दिवशी पोलार बॉडी टाकतात पण. बाहेर काढून अंडी मॅच्युअर करायच्या या पद्धतीला आयव्हीएम म्हणतात, त्यातून पहिलं बाळ १९९१ला कोरियात झालं, म्हणजे होतच नाही असं नाही. पण ट्रिगर मिळूनही जी अंडपेशी मागे राहिली ती बहुतेक वेळा काहीतरी कमी असल्यामुळेच राहिलेली असते. गुणसूत्रांचं काम एका रात्रीत उरकेल, बाकीच्या पेशीचं नाही. अंडपेशी या काळात नवीन आरएनए जवळपास बनवतच नाही, आधी साठवलेलंच ठरलेल्या क्रमाने वापरते, आणि ती साठवण फॉलिकलमध्ये असताना होते, भोवतालच्या पेशींच्या मदतीने. डिशमध्ये त्या पेशी सोलून काढलेल्या असतात. म्हणून डॉक्टर ८च मोजतात, आणि लॅबवाल्यांनी ती ४ ठेवून बघितली का हे तुम्ही विचारलंत तर ते सांगतीलही, पण त्या चारांवर फार हिशोब मांडू नका.